पत्र्याखालचा दिवस

बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. पाण्यासाठी इथल्या माणसाने पिढ्यान् पिढ्या आभाळाकडे पाहिले, मग निरा डाव्या कालव्याकडे आणि उजनीकडे. उन्हासाठी मात्र कुणाला कुठे पाहावे लागले नाही. मे महिन्याच्या भर दुपारी भिगवण रस्त्यावर उघड्यावर उभे राहिले तर लाखभर लक्स उजेड अंगावर पडतो. लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो ते मोजण्याचे एकक. पौर्णिमेचे चांदणे कितीही लख्ख वाटले तरी ते पाव लक्सच्या आसपास असते. लिंबाच्या सावलीत दुपारी पाच-दहा हजार लक्स सहज मिळतात, आणि श्रावणातल्या ढगाळ दुपारीही मोकळ्या आभाळाखाली आकडा हजारांतच राहतो.

आता त्याच रस्त्याने एमआयडीसीत येऊ. इथे पियाजिओच्या तीनचाकी गाड्या आणि स्कूटर तयार होतात, भारत फोर्जमध्ये तापलेले पोलाद घडवले जाते, फेरेरोच्या कारखान्यात चॉकलेट बनते, हाय-टेक टेक्स्टाइल पार्कमध्ये आसपासच्या गावांतल्या बायका शिलाई मशीनवर बसतात. कुठल्याही औद्योगिक वसाहतीतली मोठी शेड घेतली, तर उंच छताला टांगलेल्या हायबे दिव्यांखाली साधारणतः दोनशे ते पाचशे लक्स उजेड असतो. दारातून आत पाऊल टाकले की प्रकाश काहीशे पटींनी उतरतो, आणि तरीही आपल्याला अंधारल्यासारखे वाटते ते फार तर मिनिटभर. बाहुली मोठी होते, डोळ्याचा पडदा आपली संवेदनशीलता वाढवतो आणि थोड्याच वेळात सगळे व्यवस्थित दिसू लागते. मोजमापाचा शब्दही न काढता आपण म्हणतो, "आत उजेड भरपूर आहे."

दिसण्यापुरता तो भरपूर असतोही. प्रश्न असा की डोळ्याला दिसण्याखेरीज दुसरेही एक काम असते, आणि त्या कामाला हा उजेड पुरत नाही.

हे दुसरे काम विज्ञानाला फार उशिरा कळले. डोळ्याच्या पडद्यावर दंडपेशी आणि शंकूपेशी असतात, त्यांच्यामुळे आपल्याला दिसते, हे शाळेपासून आपण शिकतो. १९९८ साली इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ या संशोधकाला बेडकाच्या कातडीतल्या पेशींत प्रकाशाला प्रतिसाद देणारे एक नवे प्रथिन सापडले. त्याला मेलानॉप्सिन हे नाव मिळाले. पुढे हेच प्रथिन माणसाच्या डोळ्यातही असल्याचे दिसले, आणि २००२ मध्ये डेव्हिड बर्सन, सामेर हत्तार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की पडद्यावरच्या मोजक्या चेतापेशी या प्रथिनाच्या बळावर स्वतःच प्रकाश ओळखतात. दंड आणि शंकू यांच्यावाचूनही त्यांचे काम चालते. बाहेर किती उजेड आहे याची वर्दी त्या मेंदूला देतात, विशेषतः निळसर प्रकाशाची, ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासची. भर दिवसाच्या आभाळात हा भाग मुबलक असतो, कंदिलाच्या ज्योतीत जवळपास नसतो.

त्याच्याही आधी, १९९५ मध्ये, चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने एक विलक्षण गोष्ट नोंदवली होती. पूर्णपणे दृष्टिहीन असलेल्या काही माणसांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकला, तर त्यांना काहीच दिसत नव्हते, पण रक्तातले मेलाटोनिन उतरत होते. मेलाटोनिन हे रात्र झाल्याची खबर शरीरभर पोचवणारे संप्रेरक. म्हणजे त्या माणसांच्या डोळ्यांनी पाहणे सोडले होते, पण दिवस-रात्र ओळखणे सोडले नव्हते. हा प्रयोग मला या साऱ्या विषयातला सर्वांत हलवून टाकणारा वाटतो, कारण दृष्टी गेलेला डोळा निरुपयोगी ही आपली समजूत त्याने मोडून काढली.

उजेडाची ही वर्दी जाते मेंदूच्या तळाशी असलेल्या सुमारे वीस हजार पेशींच्या एका चिमुकल्या केंद्राकडे. शरीराचे मुख्य घड्याळ तिथे आहे. झोप, जाग, शरीराचे तापमान, भूक, सकाळी अंगात येणारी तरतरी आणि पहाटे येणारी मरगळ, सगळ्यांच्या वेळा तिथून ठरतात. हे घड्याळ नेमके चोवीस तासांचे नाही. १९९९ मध्ये झाइस्लर यांच्याच गटाने ते काटेकोरपणे मोजले, तेव्हा सरासरी चोवीस तास अकरा मिनिटे आली. रोज काही मिनिटे मागे पडणारे हे घड्याळ रोज लावून घ्यावे लागते आणि ते लावते मुख्यतः सकाळचे ऊन. तो उजेड मिळाला नाही की घड्याळ हळूहळू मागे सरकते. रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी गजर झाला तरी शरीराच्या हिशेबाने अजून रात्रच असते.

बारामतीत या हिशेबाला भूगोलाचीही एक अडचण आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, आणि बारामती त्याच्या जवळजवळ आठ अंश पश्चिमेला. त्यामुळे सूर्य इथे डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, साधारण साडेबाराला. जानेवारीत सूर्य उगवतो सातनंतर. पहिली पाळी सहाला किंवा सातला सुरू होत असेल, तर इंदापूर, भिगवण, जंक्शन या गावांकडून कंपनीच्या बसने येणारा कामगार अंधारात घर सोडतो आणि उजाडताना गेटच्या आत गेलेला असतो. घड्याळ लावणारा नेमका उजेड बाहेर पडलेला असतो, आणि माणूस पत्र्याखाली.

उजेड म्हणजे वेळेचा निरोप, ही गोष्ट या भागातल्या शेतकऱ्याला नवी नाही. अंड्यांच्या कोंबड्यांना दिवसाचे सोळा तास उजेड मिळावा म्हणून शेडमध्ये दिवे लावून दिवस लांबवतात. शेवंती लांब रात्रीत फुलणारी, म्हणून झाड पुरेसे वाढेपर्यंत रात्री बल्ब लावून तिची कळी रोखून धरतात. पुणे-सोलापूर पट्ट्यात आता ड्रॅगन फ्रूटच्या बागाही रात्री उजळलेल्या दिसतात. हे पीक माळरानाच्या खडकाळ जमिनीत कसे घ्यावे यावर बारामतीजवळ माळेगाव खुर्दच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने बरेच काम केले आहे. ड्रॅगन फ्रूट मोठ्या दिवसांत फुलते. हिवाळ्यात ओळींवर एलईडी बल्ब टांगून शेतकरी त्याला उन्हाळ्याचा भास देतो आणि हंगामाबाहेर फळ काढतो. कोंबडीला, शेवंतीला आणि ड्रॅगन फ्रूटला किती तास उजेड द्यायचा याचे तक्ते या तालुक्यांत घरोघर माहीत आहेत. त्याच घरातला मुलगा कंपनीत जातो, त्याच्या वाट्याला येणाऱ्या उजेडाचा असा तक्ता कुणी मांडलेला नसतो.

कायदा आणि मानके काय सांगत आली ते पाहू. १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या १७ व्या कलमात उजेडाविषयी लिहिले गेले: जिथे कामगार काम करतात किंवा ये-जा करतात तिथे पुरेसा आणि योग्य प्रकाश असावा, मग तो नैसर्गिक असो, कृत्रिम असो किंवा दोन्ही. प्रकाश आत घेणाऱ्या काचा आणि छताच्या खिडक्या आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात. डोळे दिपू नयेत, आणि डोळ्यांना ताण पडेल अशा सावल्या पडू नयेत. कलम शहाण्या माणसांनी लिहिलेले आहे. आयएस ३६४६ हे भारतीय मानक त्याहून पुढे जाऊन कामागणिक लक्स सांगते: कार्यालयात पाचशेच्या आसपास, बारीक कामाला त्याहून जास्त. पण ही सारी मोजणी कामाच्या पृष्ठभागावरची आहे. टेबलावर किती, मशीनच्या पट्टीवर किती. डोळ्यात किती शिरते ते त्यात येत नाही.

फरक किती पडतो, याचा एक साधा हिशेब करू. टेबलावर वरून पडणारा उजेड तीनशे लक्स असेल, तर समोर पाहणाऱ्या डोळ्यापर्यंत त्याचा साधारण अर्धा भाग पोचतो, म्हणजे दीडशे. दिवा मध्यम पांढरा, ४००० केल्विनचा असेल तर त्यातला निळसर भाग दिवसाच्या प्रकाशापेक्षा कमी असतो, म्हणून शरीराच्या घड्याळाच्या लेखी तो उजेड शंभराच्या आसपासच उरतो. आता दुसरी बाजू. २०२२ मध्ये या विषयातल्या अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन शिफारशी केल्या. दिवसा डोळ्यापाशी, घड्याळाच्या या खास मापाने, किमान २५० लक्स असावा. झोपण्याआधीचे तीन तास १० पेक्षा जास्त नसावा. झोपेत १ पेक्षा कमी असावा. तीनशे लक्सच्या शेडमध्ये मानक पाळूनही आपण दिवसाच्या किमान मर्यादेच्या निम्म्याखाली राहतो. आणि दारापलीकडे, फुकट, त्याच्या कित्येक पट उजेड पडून असतो.

तो आत का येत नाही? जुन्या गिरण्यांत तो येत असे. मुंबईच्या गिरणगावातली करवतीच्या दात्यांसारखी छपरे आठवा. त्या दात्यांची उभी बाजू काचेची आणि उत्तरेला तोंड करून असे, म्हणजे थेट ऊन न येता दिवसभर एकसारखा उजेड मागांवर पडायचा. ही छपरे इंग्लंडहून आली. तिथे दुपारचा सूर्य कधी उत्तरेला जात नाही. आपल्याकडे जातो: बारामतीच्या अक्षांशावर मे महिन्यात सावली पायाखाली नाहीशी होते, आणि तेव्हापासून जुलैअखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून जातो. तरीही ती रचना इथे बऱ्यापैकी चालली.

त्या गिरण्यांत उजेडावरून झगडाही झाला आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या आपल्याला माहीत असतात. त्याच यादीत आणखी एक मागणी होती: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. तोवर गिरणीचा दिवस सूर्याने बांधलेला होता, आणि कामगार त्या बांधणीचे रक्षण मागत होते. पुढे विजेचे दिवे आले, तसे विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक गिरण्यांत कामाचे तास तेरा-चौदावर गेले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची हद्द घातली तेव्हा कुठे ते थांबले. दिव्याने अंधार घालवला, ही त्याची एक बाजू. त्याने सूर्यास्त घालवला, ही दुसरी, आणि ती प्रथम कळली गिरणी कामगाराला.

आजच्या एमआयडीसीतली शेड लोखंडी सांगाड्याची आणि पत्र्याची. छतात मधून मधून पारदर्शक पत्रे टाकलेले असतात, पण बारामतीच्या धुळीने आणि उन्हाने ते काही वर्षांतच पिवळट, धुरकट होतात. उष्णता हेही खरे कारण आहे. मार्च ते जून आत येणारा प्रत्येक किरण पंख्याखालच्या माणसाला भाजत असतो, म्हणून कुणी त्या पत्र्यांवर चुना फिरवतो, कुणी ते झाकून टाकतो. खाद्यपदार्थांच्या आणि धूळ न चालणाऱ्या उत्पादनांच्या कारखान्यांत तर खिडकी ठेवणेच कठीण. हे सगळे मान्य करून दोन गोष्टी सांगता येतात. एक, पारदर्शक पत्रे वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, धुवावेत. दुसरी, चहाची आणि जेवणाची सुट्टी छपराखालून बाहेर न्यावी. कँटीनबाहेर लिंबाखाली किंवा शेडनेटखाली बाकडी टाकली, तर वीस मिनिटांच्या सुट्टीत डोळ्याला आतल्या अख्ख्या पाळीइतका दिवस मिळतो. उन्हात बसण्याची गरज नाही, सावलीतले हजारो लक्स पुरेसे आहेत.

याने लगेच उत्पादन वाढेल, असे कुणी सांगितले तर मात्र जपून ऐकावे. कारखान्यातल्या उजेडाचा सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेत, शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९२७ दरम्यान झाला. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत तो असा सांगतात: उजेड वाढवला तेव्हा काम वाढले, कमी केला तेव्हाही वाढले, म्हणजे उजेडापेक्षा आपल्याकडे कुणी लक्ष देतेय या भावनेने कामगार जास्त काम करतात. २०११ मध्ये स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी हरवलेली समजली जाणारी मूळ आकडेवारी शोधून तपासली. तेव्हा दिसले की दिवे बदलले जात ते रविवारी, आणि काम मोजले जाई सोमवारपासून. सोमवारी काम एरवीही जास्तच होत असे. शतकभर सांगितलेली गोष्ट बरीचशी आठवड्याच्या वारांची निघाली.

आजच्या प्रयोगांतही दिवसाच्या बाबतीत निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या एका कार्यालयात निळसर पांढरे दिवे लावले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी तरतरी वाढल्याचे आणि संध्याकाळचा थकवा कमी झाल्याचे सांगितले. इतर काही प्रयोगांत झोप पुरी झालेल्या माणसाला दिवसा प्रखर उजेडाने काही फरक पडला नाही. मला यातून असे दिसते की दिवसाच्या उजेडाचा मोठा लाभ त्याच तासात शोधू नये. तो रात्री लागणाऱ्या झोपेत आणि दुसऱ्या दिवशीच्या डोक्यात दिसतो. अमेरिकेत २०१४ मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात खिडकीजवळ काम करणारे, खिडकी नसलेल्या जागेत काम करणाऱ्यांपेक्षा कामाच्या दिवशी सरासरी ४६ मिनिटे जास्त झोपत होते. पन्नासेक माणसांचाच तो अभ्यास, पण दिशा पटण्याजोगी आहे.

डोके जड होणे, डोळे चुरचुरणे, दुपारनंतर आकडे डोळ्यांपुढे नाचणे, या थकव्याचे कारण पुष्कळदा लक्स नसतेच. चोकवर चालणाऱ्या जुन्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या आठवा. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून तो दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला ते कळत नाही, मेंदूला कळते. १९८९ मध्ये अर्नॉल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या एका कार्यालयात, कर्मचाऱ्यांना न सांगता, काही दिव्यांचे साधे चोक काढून उच्च वारंवारतेचे इलेक्ट्रॉनिक चोक बसवले. त्या दिव्यांखाली डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण यांच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. लेथवर काम केलेल्या जुन्या माणसांना या लुकलुकण्याचा धोका माहीत असतो: फिरणारा चक आणि दिव्याचे ठोके जुळले की चक थांबल्यासारखा दिसतो, आणि थांबला समजून हात पुढे जातो. म्हणून वर्कशॉपमध्ये शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर घेण्याची पद्धत होती. एलईडी आले म्हणून हा प्रश्न संपला असे मानू नये. स्वस्त ड्रायव्हरचा एलईडी चोकच्या पट्टीपेक्षाही वाईट लुकलुकतो. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा तासन् तास डोक्यावर ठेवण्याजोगा नाही.

शिलाईच्या ओळीवर तक्रार वेगळी. सुईपाशी साडेसातशे लक्स लागतो, गडद कापडावर गडद दोऱ्याची शिवण असेल तर त्याहूनही जास्त. तो सगळा छतावरून आणायचा म्हटले तर समोरच्या ओळीतले दिवे नजरेत घुसतात आणि डोळे दिपतात. मशीनच्या डोक्याला लावलेला छोटा दिवा हे काम स्वस्तात करतो. आणि वय विसरू नये. साठीच्या माणसाचे भिंग पिवळट आणि जाड झालेले असते, बाहुलीही लहान. विशीतल्या पोराच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच त्याच्या पडद्यावर पोचतो. निवृत्तीला आलेला ऑपरेटर गेजचा आकडा वाचायला दाराशी जातो, तेव्हा तो वेळ घालवत नसतो.

आता रात्र. इथे उजेडाचा परिणाम स्पष्ट आहे आणि वादाला फारशी जागा नाही. २००० साली ख्रिश्चन कायोखेन यांच्या प्रयोगात दिसले की रात्री अवघ्या शंभर लक्सनेही, प्रखर प्रकाशाने जेवढी जाग येते त्याच्या निम्मी येते. म्हणून नाईटला दिवे चांगले हवेत, विशेषतः पहाटे तीन ते पाच, जेव्हा शरीराचे तापमान तळाला असते आणि चुका, अपघात वाढतात. पण हाच उजेड मेलाटोनिन दाबतो आणि घड्याळ सरकवतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' वर्गात ठेवले. जागे राहण्यासाठी उजेड हवा आणि शरीर सांभाळण्यासाठी नको, या पेचातून पूर्ण सुटका नाही.

थोडी सुटका आहे. १९९० मध्ये झाइस्लर यांनी रात्री सात ते बारा हजार लक्सचे दिवे आणि दिवसा झोपायला काळोखी खोली देऊन रात्रपाळीच्या माणसांचे घड्याळ काही दिवसांत जवळजवळ पूर्ण फिरवून दाखवले. पण महिनोन् महिने एकच पाळी असेल तरच हे जमते. आपल्याकडे दर आठवड्याला पाळी फिरते. घड्याळ वळायला लागते तोच रविवार येतो आणि पुन्हा सुरुवात होते. अशा वेळी घड्याळ फिरवण्याच्या नादी न लागता दिवसाची झोप वाचवणे शहाणपणाचे. झोपायच्या खोलीला जाड गडद पडदा, नाहीतर चक्क गोणपाट, आणि घरातल्या माणसांना वेळ ठरवून देणे. बसने घरी येणाऱ्याने गडद चष्मा लावावा, सकाळचे ऊन घड्याळाला चुकीचा निरोप देते. मोटारसायकलवर येणाऱ्याने मात्र हा चष्मा मुळीच लावू नये. डुलकीचे डोळे आणि अंधारलेली नजर, आणि समोर ऊस भरलेली ट्रॉली, एवढी किंमत कुठल्याही झोपेची नाही. नाईट करून आलेला माणूस इथे बरेचदा थेट शेतावर जातो, कारण पाण्याची वेळ झालेली असते, आणि शेतीची वीज रात्रीची असेल तर ज्या आठवड्यात कंपनीची नाईट नाही त्या आठवड्यात मोटारीची नाईट असते. दिवसा शेतीला वीज देण्याच्या सौर योजनांकडे मी म्हणूनच आरोग्याची योजना म्हणूनही पाहतो.

पाळी कोणत्या क्रमाने फिरते हेही उजेडाइतकेच महत्त्वाचे. घड्याळ चोवीस तासांहून मोठे असल्यामुळे झोपेची वेळ उशिरावर नेणे सोपे, लवकर आणणे अवघड. सकाळ, मग दुपार, मग रात्र हा क्रम शरीराला झेपतो, उलटा नाही. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात उलटा क्रम सुलटा केला आणि पाळी आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी फिरवली, तेव्हा कामगारांचे समाधान आणि उत्पादन दोन्ही वाढले. या बदलाला एक दिवाही विकत घ्यावा लागला नाही.

घरचा उजेड हा याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग. २०१५ पासून उजाला योजनेतून देशात छत्तीस कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तो शोध अशा रीतीने वाड्यावस्त्यांवर पोचला. वीज वाचली, मुलांना वाचायला उजेड मिळाला, हे फार मोठे काम झाले. फक्त आपण सगळ्या खोल्यांत सगळ्या वेळी पांढराशुभ्र ६५०० केल्विनचा दिवा लावू लागलो. दहा बाय दहाच्या, पांढऱ्या रंगाच्या खोलीत अशी एक एलईडी पट्टी रात्री नऊला डोळ्यापाशी साठ-सत्तर लक्स देते, म्हणजे आधी सांगितलेल्या संध्याकाळच्या मर्यादेच्या सहा-सात पट. २०११ च्या एका प्रयोगात झोपण्याआधी साध्या खोलीच्या उजेडात बसलेल्यांचे मेलाटोनिन मंद उजेडात बसलेल्यांपेक्षा सुमारे दीड तास कमी वेळ टिकले. दिवसा शंभर, रात्री सत्तर. मेंदूच्या त्या वीस हजार पेशींना यातून दिवस कोणता आणि रात्र कोणती हे ओळखायचे असते.

मनावर याचा काय परिणाम होतो, याचा अंदाज २०२३ च्या एका ब्रिटिश आकडेवारीवरून येतो. सुमारे ८७ हजार लोकांच्या मनगटांवर प्रकाश मोजणारी यंत्रे आठवडाभर बांधली होती. ज्यांच्या रात्री सर्वांत उजळ होत्या त्यांच्यात नैराश्याचे प्रमाण जास्त आढळले, ज्यांचे दिवस सर्वांत उजळ होते त्यांच्यात कमी. नैराश्यामुळे माणूस रात्री जागतो आणि दिवसा घरात बसतो, असे उलटेही असू शकते, म्हणून यावरून कारण ठरवू नये. पण जेवणानंतर पांढरी पट्टी बंद करून कोपऱ्यात एक पिवळा, कमी वॉटचा बल्ब लावायला शंभरेक रुपये लागतात, आणि त्याने नुकसान होण्यासारखे काही नाही.

शेवटी एक गोष्ट, जी शिफ्ट लावणाऱ्या प्रत्येक सुपरवायझरने ऐकावी. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी तरुण माणसांवर रात्रीच्या उजेडाचा परिणाम मोजला. मेलाटोनिन निम्म्यावर आणायला सरासरी पंचवीसेक लक्स लागले. पण एकाला त्यासाठी सहाच लक्स पुरले, आणि दुसऱ्याला साडेतीनशे लागले. एकाच शेडमध्ये, एकाच दिव्याखाली, शेजारशेजारच्या दोन मशीनवर उभ्या असलेल्या दोघांत इतका फरक असू शकतो. "साहेब, मला नाईट झेपत नाही," असे एखादा म्हणतो तेव्हा तो कामचुकार आहे, असे बहुतेकदा ठरवले जाते, कारण त्याच्या शेजारचा वर्षानुवर्षे नाईट करत असतो आणि त्याला काही होत नाही. दोघेही खरे बोलत असतात. कुणाला कोणती पाळी झेपते हे एकदा विचारून, वर्षभराच्या हजेरीशी आणि किरकोळ अपघातांच्या नोंदीशी ताडून पाहणे एवढे काम कारखान्याच्या कार्यालयात होण्याजोगे आहे, आणि त्यासाठी लागणारी सगळी कागदपत्रे तिथे आधीपासून आहेत.